रहिवासी चार

१

दर रविवारी सकाळी चष्मेवाला आपल्या जुन्या फ्लॅटला हवा खायला घालायला जायचा. म्हणजे हवा फ्लॅटने खायची आणि जिने याने चढायचे. चौथा मजला, आणि लिफ्ट महिन्यातले वीस दिवस बंद. वर पोचला की दाराच्या कडीला धरून आधी दम घ्यायचा, मग कुलूप काढायचं. आत ठरलेली कामं असत. हॉलची खिडकी, बेडरूमची खिडकी आणि मागची बाल्कनी उघडायची. स्वयंपाकघरातला नळ गढूळ पाणी संपेपर्यंत सोडायचा. संडासात दोन बादल्या ओतायच्या, नाहीतर पाइप सुकून वास मारतो. मीटरचा आकडा वहीत टिपायचा. मग हॉलच्या मधोमध उभं राहून एक सुस्कारा टाकायचा. सुस्कारा कामांच्या यादीत नव्हता, पण तो कधी चुकला नाही.

बाजारातल्या दुसऱ्या गल्लीत त्याचं दुकान होतं. डोळे तपासायचा, नंबर काढायचा, फ्रेममध्ये काचा बसवायचा. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत, आपणही तेच म्हणू. माणूस गरीब स्वभावाचा, हिशेबाला चोख, आणि घरमालक होण्याची हौस त्याला काडीची नव्हती. मेहुणा चेष्टेने त्याला "काय जमीनदार!" म्हणायचा तेव्हा तो कसनुसं हसायचा.

फ्लॅट घेतला तो लग्नानंतर लगेच. तेव्हा किमती रोज वाढत होत्या आणि जो तो सांगत होता, आत्ता घे, नाहीतर जन्मात घेणं व्हायचं नाही. याने घेतला. मग लेक झाली, चार जिने तिला कडेवर घेऊन चढताना बायकोची कंबर धरली, आणि दुकानाजवळ तळमजल्यावरचं एक घर बरं मिळालं म्हणून तेही कर्ज काढून घेतलं. फ्लॅट महिन्याभरात विकायचा आणि जुनं कर्ज फेडून मोकळं व्हायचं, असा सरळ बेत होता. नेमक्या त्याच महिन्यात किमती खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. पलीकडच्या रस्त्याला नव्या इमारती उभ्या राहिल्या, तिथे लिफ्ट चालत होत्या आणि भावही कमी होते. या जुन्या इमारतीवर बँका कर्ज द्यायला कां कू करायला लागल्या. शेवटी नाइलाजाने फ्लॅट भाड्याने दिला.

भाडेकरू होते चित्रकलेचे एक मास्तर, एकटेच. दोन वर्षं राहिले, भाडं वेळेवर दिलं, भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारून ठोकला. चार महिन्यांपूर्वी ते निघून गेले. जाताना दुकानात किल्ली द्यायला आले आणि म्हणाले, "किल्ली त्यांच्याकडेच ठेवणार होतो, पण म्हटलं मालकांच्या हातात दिलेली बरी."

चष्मेवाल्याला वाटलं, वॉचमनबद्दल म्हणत असतील. इमारतीला वर्षभरापासून वॉचमनच नाही, हे त्याला मास्तर गेल्यावर आठवलं. तोवर दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, आणि मग ते राहूनच गेलं.

२

दोन घरांचे हप्ते आणि एक दुकान, हे गणित भाड्याच्या टेकूवर उभं होतं. भाडं थांबलं तसं ते डोलायला लागलं. तीन हप्ते चुकले आणि राहत्या घराच्या बँकेचं पत्र आलं. भाषा अगदी गोड होती, पण मतलब एवढाच की या तिमाहीत थकबाकी भरली नाही तर राहतं घर आम्ही ताब्यात घेऊ. बायकोने पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि डब्याखाली ठेवलं.

"फ्लॅट काढा," ती म्हणाली. "पडेल त्या भावाने काढा. मला हे घर सोडायचं नाही. तिची शाळा इथे आहे, तुमचं दुकान इथे आहे. पुन्हा ते चार जिने मी चढणार नाही, सांगून ठेवते."

लेक आठ वर्षांची. तिने वहीतून डोकं वर काढून विचारलं, "आपलं घर कोण घेणार आहे, बाबा?"

"कोणी नाही. तू अभ्यास कर," चष्मेवाला म्हणाला, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

मग एजंट गाठला. या माणसाला सगळी बाजारपेठ 'होऊनजाईल' म्हणून ओळखायची. काहीही विचारा, त्याचं उत्तर तेच. दोन आठवड्यांत त्याने गिऱ्हाईक आणलं. सरकारी दवाखान्यातली एक नर्स, चाळिशीची, एकटी. सगळा जन्म दुसऱ्यांच्या घरी पोटभाडेकरू म्हणून काढलेला. तिने फ्लॅट पाहिला तो खालूनच, रस्त्यावरून. वर चढून बघा म्हटलं तर म्हणाली, "ड्यूटीवरून आलेय, पाय उचलत नाहीत. बाल्कनीत ऊन येतं ना? मग झालं."

भाव पडता होता, पण थकबाकी भागून जुनं कर्ज फिटत होतं. घोडं अडलं ते नर्सच्या कर्जावर. तिच्या बँकेने घराची किंमत ठरवणारा आपला व्हॅल्युअर पाठवला. होऊनजाईलने त्याला किल्ली दिली, तो गेला, बघून आला, रिपोर्ट गेला. चार दिवसांनी कर्ज नामंजूर!

"कुठे माशी शिंकली?" चष्मेवाल्याने विचारलं.

होऊनजाईलने रिपोर्टची प्रत टेबलावरून सरकवली. भिंती ठीक, गळती नाही, क्षेत्रफळ कागदाप्रमाणे. खाली 'ताबा' असं लिहून पुढे दोन चौकोन होते, रिकामा आणि राहता. राहता या चौकोनात बरोबरची खूण होती. त्याखाली निळ्या शाईत लिहिलं होतं: रहिवासी चार. सर्व खोल्या दाखवल्या. सहकार्य केले.

"कुणी सहकार्य केलं?"

"ते मला काय ठाऊक! तुम्ही कुणाला ठेवलंय का तिथे? मेहुण्याला वगैरे?"

"कुलूप आहे हो त्याला. किल्ली माझ्याकडे आणि तुमच्याकडे."

"मग भलत्याच फ्लॅटमध्ये शिरला असेल," होऊनजाईल म्हणाला. "दुसरी बँक बघू. होऊन जाईल."

३

चष्मेवाला त्याच दुपारी दुकान बंद करून फ्लॅटवर गेला. कुलूप जागच्या जागी होतं. आत बंद घराचा कोंदट वास, ओट्यावर धुळीचा थर, आणि त्या थरावर कशाचीही खूण नाही. मीटरचा आकडा रविवारी टिपला होता तोच. त्याने प्रत्येक खोलीत जाऊन पाहिलं, माळ्यावर टॉर्च मारला, संडासाचं दारही उघडून पाहिलं. मग स्वतःचंच हसू आलं.

व्हॅल्युअर भलत्या मजल्यावर गेला असणार, किंवा गेलाच नसणार. कुठल्यातरी टपरीवर बसून कागद भरला असेल. मागच्या फाइलमधलं या फाइलमध्ये उतरवलं असेल. सरळ होतं सगळं. तरी क्षेत्रफळ मात्र दशांशापर्यंत बरोबर कसं आलं, हा प्रश्न त्याने जिने उतरताना स्वतःला विचारला आणि कागदावरून उतरवलं असेल असं उत्तर देऊन टाकलं.

आसपास चौकशी करावी म्हणून त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारबांची बेल वाजवली. त्यांना कमी ऐकू यायचं, पण नजर तेज होती. चष्मेवाल्यानेच गेल्या वर्षी त्यांना काचा बदलून दिल्या होत्या.

"तुमच्या वर कुणी राहतं का हो, आजोबा?"

"राहतात की!" म्हातारबा म्हणाले. "शांत आहेत बिचारे. मास्तर होते तेव्हा निदान रेडिओ तरी लागायचा. यांचा काही त्रास नाही."

"किती जण आहेत?"

"आता ते तुम्हाला माहीत, मालक तुम्ही," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

चष्मेवाला जिन्यात बराच वेळ उभा राहिला. म्हातारबांचं वय झालं होतं, माणसं अशा वयात कालचं आजचं एक करतात. मास्तर गेले हे त्यांच्या लक्षात नसेल. पण मास्तरांचा रेडिओ बंद झाला हे त्यांच्या लक्षात होतं, आणि हाच काटा नेमका त्याच्या डोक्यात रुतून बसला.

४

दुसऱ्या बँकेची व्हॅल्युअर एक तरुण इंजिनिअर होती. स्कूटरवरून आली आणि हेल्मेट हातात घेऊनच जिने चढली. या वेळी चष्मेवाल्याने होऊनजाईलला साफ सांगितलं होतं की मी स्वतः हजर राहणार. होऊनजाईल गुडघ्याचं निमित्त सांगून खाली चहा पीत थांबला.

चष्मेवाल्याने कुलूप काढलं, दार उघडलं, आणि हेल्मेटवालीने उंबऱ्याशी वाकून बूट काढले.

"राहू द्या हो, रिकामंच आहे," तो म्हणाला.

"असं कसं," ती म्हणाली आणि मोज्यांवर आत गेली. हॉलमध्ये जाऊन खिडकीकडे बघत तिने हात जोडले. "नमस्कार. बँकेकडून आलेय. पाच मिनिटांत आवरते."

चष्मेवाल्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकी होती, गज होते, बाहेर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी होत्या. "कुणाला म्हणालात?" त्याने विचारलं.

ती हसली. तिला ती थट्टा वाटली असावी.

तिने पिशवीतून मोजायचं यंत्र काढलं, ते भिंतीला टेकवलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि अंतराचा आकडा येतो. चष्मेवाल्याच्या दुकानातही असलं एक यंत्र होतं, गिऱ्हाइकाची खुर्ची आणि अक्षरांचा तक्ता यांतलं अंतर मोजायला. म्हणून त्याचं लक्ष आपोआप ठिपक्याकडे गेलं. ठिपका भिंतीवर नव्हता. यंत्र चालू होतं, दिवा लागलेला होता. आकडा आला तो निम्म्या खोलीचा.

"जरा सरकता का?" हेल्मेटवाली म्हणाली. "हं. आणखी थोडं. बस, बस."

ठिपका भिंतीवर उमटला आणि पूर्ण खोलीचा आकडा आला. तिने तो लिहून घेतला.

यंत्राची बॅटरी उतरली असेल, त्याने मनाशी म्हटलं. आपल्याकडचंही यंत्र कधी कधी असंच करतं. आपल्या यंत्राने असं कधी केलं होतं हे मात्र त्याला आठवेना.

बेडरूमच्या दारात ती थांबली. आत डोकावली आणि आवाज खाली आणला. "राहू द्या, आजी, मी इथूनच मोजते." तिने दारातूनच मोजलं. स्वयंपाकघरात गेली, बाल्कनी पाहिली, परत येऊन कागदावर लिहायला लागली.

"बाई," चष्मेवाला म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, "इथे कुणी आहे का?"

हेल्मेटवालीने पेन थांबवलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि कपाळाला आठी पडली. "हे बघा, भाडेकरू काढायचे असतील तर काढायची रीत असते. त्यांच्यासमोर असं बोलणं बरं दिसत नाही. चार माणसं आहेत, सरळमार्गी आहेत. बसायला एक खुर्ची नाही घरात, मी आल्यापासून सगळे उभे आहेत. निदान त्या म्हाताऱ्या बाईंचा तरी विचार करा."

"हो," चष्मेवाला म्हणाला. दुसरं काय म्हणणार? खाली आल्यावर तो म्हणाला, "तुमचे डोळे मला जरा ताणलेले वाटतात. दुकान जवळच आहे, पैसे घेणार नाही. तपासून देतो."

तिचाही स्वभाव चांगला, ती आली. त्याने तिला खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला, मग दुसरा. काचा बदलून पाहिल्या, रंगांची वही दाखवली, बाजूच्या नजरेची तपासणी केली. दोन्ही डोळ्यांनी तिने तक्त्याची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली. इतकी निर्दोष नजर त्या महिन्यात त्याच्या खुर्चीवर दुसरी बसली नव्हती.

ती गेल्यावर चष्मेवाला स्वतः त्या खुर्चीवर बसला आणि त्याने स्वतःचे डोळे तपासले. खालची ओळ त्यालाही स्वच्छ वाचता आली. आपण वाचतोय की ती आपल्याला पाठ आहे, हे मात्र त्याला ठरवता आलं नाही.

५

दुसऱ्या बँकेने कर्ज नामंजूर केलं नाही. अट घातली. राहणाऱ्यांचं संमतिपत्र हवं. आम्ही अमुक तारखेला घर रिकामं करतो आणि अमुक पत्त्यावर राहायला जातो, खाली सह्या. नवा पत्ता लिहिल्याशिवाय बँक कागद घेत नव्हती. माणसं रस्त्यावर आली, कोर्टात गेली, की बँकेच्या गळ्यात लोढणं येतं म्हणून ही रीत.

"राहणारे असतील तर सह्या घेऊ ना!" चष्मेवाला होऊनजाईलवर डाफरला.

"नसतील तर आणखी सोपं," होऊनजाईल म्हणाला. "कागदाचं पोट भरायचं, बस. पत्ता म्हणून तुमच्या राहत्या घराचा घाला. आम्ही नेहमी मालकाचाच घालतो. कोण बघायला येतंय? सह्यांचं मी बघतो. तिमाही संपायला नऊ दिवस आहेत, साहेब. नर्सबाईंना दुसरा फ्लॅट आवडला की बसा बोंबलत."

नऊ दिवस! चष्मेवाल्याने पेन काढलं. आपल्या सुवाच्य अक्षरात, चष्म्याचा नंबर लिहावा तसा एकेक आकडा नीट काढून, त्याने तळमजल्यावरच्या घराचा पत्ता लिहिला. नव्या पत्त्यावर किती दिवस राहणार, त्या मुदतीच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं तर होऊनजाईल म्हणाला, तो सोडा कोरा. त्याने सोडला.

सह्यांचं होऊनजाईल बघणार होता, पण हेल्मेटवाली आडवी आली. फोनवर म्हणाली, सह्या माझ्यासमोर झाल्या पाहिजेत, मी उद्या जाऊन घेते, कागद घरात ठेवा. चष्मेवाला कागद घेऊन गेला. रिकाम्या ओट्यावर कागद ठेवला, वर पेन ठेवलं. आपण किती मूर्ख दिसत असू, असं वाटून त्याने आजूबाजूला पाहिलं. मग, कुणी नाहीच आहे तर बोलायला काय हरकत आहे, असा विचार करून तो मोठ्याने म्हणाला, "सही करून द्या, म्हणजे आम्ही सुटलो."

घरात आवाज झाला नाही. नळसुद्धा ठिबकला नाही.

तिसऱ्या दिवशी होऊनजाईलच्या ऑफिसात कागद परत आला. होऊनजाईल खूश होता. "बघा, झालं की नाही! चारही सह्या. म्हातारीची सही तर काय सुरेख आहे हो, जुन्या वळणाची."

चष्मेवाल्याने कागद हातात घेतला. वर त्याचं स्वतःचं अक्षर होतं, पत्ता होता. खाली चार ओळी होत्या. चारही कोऱ्या. त्याने कागद खिडकीपाशी नेला, तिरका धरला, बोटाने चाचपला. शेवटी त्याने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सुरेख आहे."

नर्सचं कर्ज मंजूर व्हायला एक शेवटची फेरी बाकी होती. हेल्मेटवाली पुन्हा जाऊन आली. या वेळी तिने 'रिकामा' या चौकोनात खूण केली.

६

खरेदीखत गुरुवारी दुपारी झालं. नोंदणी कचेरीत नर्सने अंगठ्याचा ठसा दिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं स्वतःचं दार," ती म्हणाली, "आता कुणाला विचारून आंघोळ करायला नको." चष्मेवाल्याने तिला किल्ल्या दिल्या, तेव्हा त्याच्या छातीवरचा दगड उतरला. त्याच पावली तो बँकेत गेला आणि थकबाकीचा चेक भरला. घर वाचलं होतं. बायकोला फोन लावला, तिने उचलला नाही. कामात असेल, त्याने विचार केला, आणि लेकीसाठी वाटेत केक घेतला.

साडेपाचला घरी पोचला. उन्हं अजून अंगणात होती. बायको दारातच भेटली, हात पुसत, आणि आवाज दाबून तणतणली.

"तुम्हाला काही वाटतं की नाही? दोन ओळींचा मेसेज करायला काय झालं होतं? माणसं दुपारपासून आलीत. घरात धड दूध नव्हतं!"

"कोण माणसं?"

"कोण काय! तुम्हीच पत्ता दिलात म्हणे. मी लेकीची खोली दिलीय त्यांना. काही घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. बसा म्हटलं तर बसत नाहीत. ही शाळेतून आल्यापासून त्यांच्याशीच बोलतेय, जेवायलाही आली नाही. जा, आधी भेटा. मालक कुठेत म्हणून दोनदा विचारलंय त्यांनी."

केकचा खोका त्याने चपलांच्या फळीवर ठेवला. हॉल ओलांडताना त्याला लेकीचा आवाज ऐकू आला. ती शाळेतलं काहीतरी सांगत होती, मध्येच थांबत होती, कुणीतरी विचारल्यासारखी "हो", "नाही", "नववं चालू आहे" म्हणत होती. मधल्या जागा अगदी शांत होत्या.

खोलीचं दार उघडं होतं. लेक पलंगावर मांडी घालून बसली होती, दप्तर बाजूला. पलंगासमोर भिंतीलगत तिचा जाड लोकरी गालिचा पसरलेला होता. तिच्याशिवाय खोलीत कुणी नव्हतं. कपाट, खिडकी, टेबल, टेबलावरच्या पेन्सिली, सगळं चष्मेवाल्याला लख्ख दिसत होतं. त्याचा जीव थोडा खाली पडला. मग त्याची नजर गालिच्यावर गेली.

लोकर आठ ठिकाणी दबलेली होती. दोन दोन करून चार जोड्या, एका ओळीत. डावीकडची जोडी बारीक होती, बोटं आत वळलेली. दबलेली लोकर आपोआप वर येते, हे त्याला माहीत होतं. ही वर येत नव्हती. तो बघत असतानाच ती बारीक जोडी सावकाश, एकेक पाय उचलून, त्याच्या दिशेने वळली. मग दुसरी, तिसरी आणि चौथी.

बायको त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. तिचे डोळे त्यानेच तपासलेले होते. लेकीचे दर सहा महिन्यांनी तपासायचा.

"हेच," बायको खोलीत बघून म्हणाली, पाहुण्यांशी बोलायच्या तिच्या नेहमीच्या आवाजात. "हेच मालक."

लेकीने मान फिरवून डावीकडे वर पाहिलं आणि ऐकू लागली. बायकोही ऐकू लागली. चष्मेवाल्याला बाहेरच्या रस्त्यावरून जाणारी रिक्षा ऐकू आली, स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा काटा ऐकू आला, स्वतःचं नाक वाजत होतं तेही ऐकू आलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. निदान त्याला तरी तसं वाटलं.

"अहो," बायकोने त्याला कोपराने ढोसलं. "आजी तुम्हाला विचारतायत. उत्तर द्या ना."

दुकानात दिवसभर म्हातारी माणसं पुटपुटायची आणि पुन्हा विचारलं की त्यांना राग यायचा. दहा वर्षांत चष्मेवाल्याच्या जिभेला नीट ऐकू आलं नाही तरी हो म्हणायचं वळण लागून गेलं होतं. शिवाय काहीही करून हे पाच मिनिटांत आटपावं आणि दार लावून घ्यावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"हो, हो," तो गालिच्याकडे बघत म्हणाला. "काही हरकत नाही."

बायकोचा हात त्याच्या खांद्यावरून गळून पडला. त्याने वळून पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात?"

"अगं, काय विचारलं त्यांनी? मला नीट..."

तिला रडू येत होतं, पण शाळेत बाई रागावल्यावर आवरतात तसं तिने ते आवरलं. पलंगावरून उतरली, दप्तर पाठीला लावलं, दोन्ही पट्टे नीट ओढून घेतले. मग ती गालिच्यावर गेली आणि तिने डावा हात वर धरला, कुणीतरी तो धरावा म्हणून.